वाढदिवस : १०.४० ते १०.५५

केक नको, फुगे नकोत, आई-बाबा तर नकोतच! बालवाडीतल्या बर्थडेचं हे टाइमटेबल नेमकं कुणासाठी असतं?

केक आणू नये. मेणबत्ती, टोप्या, फुगे आणू नयेत. रिटर्न गिफ्ट चालेल, पण एकच, आणि शंभर रुपयांच्या आतलं. खाऊ घरी केलेला नको, पॅकबंद हवा आणि त्यात शेंगदाणे नकोत. रंगीत कपडे चालतील, बूट मात्र शाळेचेच. पालकांनी फाटकाशी थांबावं. वेळ सकाळी १०.४० ते १०.५५. उशीर झाल्यास कार्यक्रम 'सामावून घेता येणार नाही'.

नाही, हे कुठल्या वकिलातीतल्या व्हिसा इंटरव्ह्यूचे नियम नाहीत. पुण्यातल्या एका प्री-प्रायमरी शाळेचं सर्क्युलर आहे. (शाळेचं नाव घेत नाही, कारण अशा शाळा प्रत्येक उपनगरात दोन तरी सापडतील.) विषय : बर्थडे सेलिब्रेशन. उत्सवमूर्तीचं वय : वर्षं चार फक्त.

तुमच्यापैकी ज्यांना अजून मुलं नाहीत, ते हसतील. ज्यांना आहेत, त्यांना यात हसण्यासारखं काय आहे तेच कळणार नाही, कारण असं सर्क्युलर त्यांच्या फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलेलं असतं.

खरं तर आपल्याला यात नवीन काहीच नाही. आपल्या ऑफिसात तरी दुसरं काय होतं? महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी एचआरचा मेल येतो. चार वाजता सगळे पँट्रीत. एक केक, त्यावर सात जणांची नावं, त्यातल्या दोघांच्या स्पेलिंगमध्ये चूक. टाळ्या, फोटो, एक समोसा, थोडे वेफर्स आणि सव्वाचारला पुन्हा आपापल्या डेस्कवर. कुणाचं काही अडत नाही, कारण आपला खरा वाढदिवस संध्याकाळी कुठल्या तरी रूफटॉपवर असतो. किंवा घरी आईच्या हातच्या श्रीखंडाबरोबर.

चार वर्षांच्या माणसाचं तसं नसतं. सोसायटीतल्या पार्टीला जे येतात ते आई-बाबांचे मित्र आणि त्यांची मुलं. त्याचे स्वतःचे, स्वतः जोडलेले मित्र फक्त वर्गात असतात. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं एक असं जग तयार झालंय, जिथे आई-बाबा नाहीत. त्या जगाला आपला वाढदिवस कळावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. त्या जगाकडे त्याच्यासाठी पंधरा मिनिटं असतात.

बर्थडे ओव्हर!

माझ्या भाचीचा चौथा वाढदिवस मंगळवारी आला. ताई हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे. मंगळवारी सकाळी दहा ते साडेअकरा तिची क्लायंटबरोबर रिव्ह्यू मीटिंग असते आणि ती हलवणं म्हणजे गणेशोत्सवाची तारीख हलवण्यासारखं. जिजू त्या आठवड्यात बंगळुरूला. तेव्हा 'मावशी काय, मोकळीच असते' या न्यायाने जबाबदारी माझ्यावर आली. (फ्रीलान्सर म्हणजे बेकार, हा समज आमच्या घरात माझ्या मास कॉमच्या डिग्रीपेक्षाही जुना आहे.)

१०.२५ ला फाटकाशी हजर झाले. वॉचमनकाकांनी रजिस्टरवर सही घेतली, एस्कॉर्ट कार्ड बघितलं, पिशवीतले पॅकबंद राजगिरा लाडू मोजून घेतले. अठ्ठावीस. खरं तर मला तिथूनच परत जायचं होतं, पण टीचरना फोटो काढायला कुणीतरी हवं होतं. सो, मला वर्गाबाहेरच्या कॉरिडॉरपर्यंत एन्ट्री मिळाली. दाराला काच होती, तिथून सगळं नीट दिसत होतं.

बरोब्बर १०.४० ला दोन मुलांना एका टेबलावर उभं केलं. त्या दिवशी अजून एका मुलाचा वाढदिवस होता. गाणं एकदाच झालं, दोघांची नावं जोडून. टाळ्या. मी फोटो काढले. मग भाचीला खाली उतरवलं आणि लाडवांचा ट्रे तिच्या हातात आला.

हा तिच्या दिवसाचा हायलाइट होता, हे मला माहीत होतं. तीन दिवस घरी त्याची तालीम चालली होती. टेडी, बाहुल्या, सोफ्यावरच्या उशा, सगळ्यांना ओळीत बसवून ती एकेकाचं नाव घेऊन लाडू देत होती. वर्गातल्या सगळ्यांची नावं तिला पाठ आहेत, आडनावासकट. तशीच ती इथेही निघाली. नाव घ्यायचं, लाडू द्यायचा, थँक्यू ऐकायचं, पुढे जायचं. नवव्या मुलाने लाडू घ्यायला नकार दिला. मला नाही आवडत, म्हणाला. आता आली का पंचाईत! पण ही बाई ट्रे घेऊन त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि हा लाडू कसा कुरकुरीत असतो, तिची आजी तो दुधात बुडवून कसा खाते, हे त्याला समजावून सांगू लागली. आजूबाजूची तीन-चार डोकी आत वळली. काचेतून मला शब्द ऐकू येत नव्हते, पण हातवारे थेट आमच्या आईचे होते.

टीचरनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. १०.५२. त्यांनी वर्गातल्या मावशींना खूण केली. मावशींनी ट्रे अलगद उचलला आणि उरलेले लाडू एका मिनिटात वाटून टाकले, तेही प्रेमाने, कुणाच्या डोक्यावर हात फिरवत. १०.५५ ला बेल झाली. नंबर टाइम. वर्कशीटवर सात बदकं होती, ती रंगवायची होती.

ती रडली बिडली नाही. रिकाम्या हातांनी क्षणभर उभी राहिली, मग जागेवर जाऊन बसली आणि पहिलं बदक रंगवायला घेतलं. कुणीही तिच्याशी वाईट वागलं नव्हतं. सगळं वेळेत पार पडलं होतं.

रात्री आठला ताई केक घेऊन घरी आली. शाळेत मज्जा आली ना, असं तिने तीनदा विचारलं. भाची म्हणाली, ''टीचर म्हणाल्या, बर्थडे ओव्हर.'' आणि मग थोड्या वेळाने, ''मम्मा, त्या बाकीच्यांना कळलं असेल का, लाडू माझा होता?''

ताई प्लेट्स आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

टीचरचंही ऐका

इथे शाळेवर तुटून पडायचा मोह होतो. त्याआधी टीचरची बाजू ऐकायची म्हणून मी पुढच्या आठवड्यात त्यांना भेटले. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान असाव्यात. अठ्ठावीस मुलं, एक टीचर, एक मावशी. शाळा नऊ ते बारा. या तीन तासांत प्रार्थना, सर्कल टाइम, डबा, हात धुणं, दोनदा टॉयलेट (अठ्ठावीस मुलांचं टॉयलेट म्हणजे काय, हे एकदा डोळ्यांसमोर आणा), अक्षरं, आकडे, गोष्ट, थोडं मैदान. बाराच्या ठोक्याला व्हॅनवाले काका हॉर्न द्यायला लागतात आणि साडेबाराला त्याच खोलीत दुसरी बॅच येते.

आता गणित करा. अठ्ठावीस मुलं म्हणजे अठ्ठावीस वाढदिवस. मे महिना आणि दिवाळीची सुटी वगळली, तरी दर महिन्याला दोन-तीन उरतात. प्रत्येकाला तासभर दिला तर बाकीचं कधी करायचं? आणि बाकीचं झालं नाही, तर पालकसभेत पहिला हात कुणाचा वर होतो? आपलाच. ''अजून कर्सिव्ह सुरू नाही केलं?''

नियमांची जन्मकथाही त्यांनी सांगितली. एका वर्षी एका बाबांनी तीन मजली केक आणला, तो कापायलाच अर्धा तास लागला. एकांनी जादूगार आणला. त्याने टोपीतून कबूतर काढल्यावर दोन मुलं इतकी घाबरली, की दुसऱ्या दिवशी शाळेत यायला तयार नव्हती. एकांनी रिटर्न गिफ्ट म्हणून रिमोटची गाडी दिली, आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस महायुद्ध चाललं. त्यानंतर शंभर रुपयांची अट आली. एका मुलाला शेंगदाण्याची अॅलर्जी निघाली, त्यानंतर शेंगदाणे गेले. म्हणजे थोडक्यात काय, सर्क्युलरमधलं प्रत्येक वाक्य आपल्यापैकी कुणीतरी लिहायला लावलंय.

खाण्याच्या नियमांबद्दल तर माझी अजिबात तक्रार नाही. चरबी, मीठ आणि साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी बंदी आहे. सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, म्हणजे कुठल्या खाण्यात किती साखर असते ते मुलांना फळ्यावर दाखवायचं. एवढं सगळं करून महिन्याला तीन केक वर्गात कापायचे, याला काही अर्थ नाही. केक गेला ते बरंच झालं. रिटर्न गिफ्टही गेलं तर मी पेढे वाटेन. पॅकबंद.

माझा आक्षेप फक्त त्या १०.५२ ला आहे.

क्रम आणि मिनिटं

तीन-चार वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही, पण क्रम पक्का कळतो. डब्यानंतर गोष्ट, गोष्टीनंतर दप्तर, दप्तरानंतर आई. नर्सरीच्या पहिल्या आठवड्यात हंबरडा फोडणारं मूल तिसऱ्या आठवड्यात शांत होतं, त्यात या क्रमाचा मोठा वाटा असतो. 'आई कधी येणार' याचं उत्तर त्याला आता मिळालेलं असतं. म्हणून बालवाडीला टाइमटेबल हवंच. ज्या घरात जेवण-झोपेला काही धरबंध नाही, तिथल्या मुलांची किरकिर आपण सगळ्यांनीच ऐकली आहे.

पण क्रम वेगळा आणि मिनिटं वेगळी. क्रम मुलांच्या कामाचा. मिनिटं व्हॅनच्या, दुसऱ्या बॅचच्या, आणि खरं सांगायचं तर आपल्या कामाची, कारण शाळा नऊला सुरू झाली नाही, तर आपण दहाच्या स्टँडअपला पोचणार कसे? लाडू वाटणं १०.५५ ऐवजी ११.०५ ला संपलं असतं, तर त्यानंतर नंबर टाइमच आला असता. मुलांचा क्रम कुठेच मोडला नसता. फक्त पाच बदकं रंगली असती, सातऐवजी.

शिवाय वर्गातली सगळी मुलं एका मापाची नसतात, हेही घड्याळाला कळत नाही. महाराष्ट्रात नर्सरीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे डिसेंबरअखेर जन्मलेलं मूल जूनमध्ये वर्गात बसतं तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचं असतं, आणि त्याच्या शेजारी जानेवारीत जन्मलेलं साडेतीन वर्षांच्या घरातलं. आपल्या वयात एका वर्षाने काय फरक पडतो? काहीच नाही. तिथे एक म्हणतो 'मला शूला जायचंय', आणि दुसऱ्याची तोवर झालेली असते. दोघांना नंबर टाइम तोच, तेवढाच.

नव्या शैक्षणिक धोरणाचं नाव आपण सगळे घेतो, तर त्यातलं हेही बघा. २०२० चं ते धोरण तीन ते आठ वयाचा 'पायाभूत स्तर' धरतं. त्यासाठीचा राष्ट्रीय आराखडा २०२२ मध्ये आला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पाठ्यपुस्तकंच नकोत, असं तो सांगतो. भर सगळा खेळ, गोष्टी, गप्पा आणि हाताने करायच्या गोष्टींवर. चार वर्षांची मुलगी नवव्या मुलाला लाडवाचं महत्त्व पटवून देते, ही भाषा नाही तर काय? अठ्ठावीस लाडू अठ्ठावीस हातांत ठेवणं हे गणित नाही तर काय? तो तास तिथे आपोआप चालला होता. वर्कशीटसाठी तो थांबवला.

गाण्याची गोष्ट

एक गंमत सांगते. जगभर वाढदिवसाला वाजणारं ते इंग्रजी गाणं मुळात वाढदिवसाचं नाहीच. ते आलं बालवाडीच्या टाइमटेबलमधून! अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुईव्हिलला, पॅटी हिल नावाच्या बालवाडीच्या बाई होत्या. त्यांची बहीण मिल्ड्रेड संगीतकार. दोघींनी मिळून सकाळी मुलांचं स्वागत करायला एक सोपं गाणं रचलं, ते १८९३ मध्ये छापून आलं. रोज सकाळी वर्ग भरताना म्हणायचं गाणं. पुढे त्याच चालीवर वाढदिवसाचे शब्द बसले आणि चाल जगभर झाली. तिच्या कॉपीराइटवरून एका बड्या म्युझिक कंपनीने वर्षानुवर्षं पैसे कमावले. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने तो दावा फेटाळला आणि २०१६ मध्ये १ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड झाली. आता ते गाणं कुणीही, कितीही वेळ म्हणू शकतं. फक्त १०.५५ च्या आत.

माँटेसरी शाळांमध्ये वाढदिवसाची एक पद्धत आहे. जमिनीवर मधोमध सूर्य म्हणून एक मेणबत्ती किंवा चित्र ठेवतात. मूल हातात पृथ्वीचा छोटा गोल घेऊन त्याभोवती फेऱ्या मारतं, जितकी वर्षं तितक्या फेऱ्या. प्रत्येक फेरीला त्या वर्षातली एखादी गोष्ट सांगायची : या वर्षी तू रांगायला लागलीस, या वर्षी तुला भाऊ झाला. खर्च शून्य. आणि माँटेसरीच्या मूळ पद्धतीत सकाळचा सलग तीन तासांचा वेळ मुलांच्या स्वतःच्या कामाला मोकळा ठेवायचा असतो, दर वीस मिनिटांनी बेल मारायची नसते. पाटीवर 'माँटेसरी' लिहिलेल्या शाळा आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यापैकी कितींकडे तो सलग वेळ आहे, ते एकदा आत जाऊन बघा.

आणि अगदी आपल्या घरचंच उदाहरण घ्यायचं तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. गिजुभाई बधेकांबरोबर काम करून ताराबाईंनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून काम कोसबाडच्या टेकडीवर चाललं, आजच्या पालघर जिल्ह्यात. तिथली वारली मुलं शाळेत येईनात. का? तर कुणी गुरं राखायला जायचं, कुणी धाकट्या भावंडाला सांभाळायचं. मग या दोघींनी काय केलं? मुलं शाळेत येत नाहीत, तर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. मुलं गुरांमागे जातात, तर शाळा कुरणावर नेली. कुरणशाळा! गुरांची जी वेळ, तीच शाळेची. बेल नाही, भिंत नाही. हे आपल्याच राज्यात झालंय, आणि दोघींपैकी एकीला पद्मभूषण, दुसरीला पद्मश्री देऊन आपण मोकळे झालो.

फाटकाच्या अलीकडे

आता आपला नंबर. ताई त्या मंगळवारी का जाऊ शकली नाही, याचा विचार मी बराच केला. तिच्या कंपनीत स्वतःच्या वाढदिवसाची सुटी मिळते. मुलीच्या नाही. पाळणाघराबद्दल कायदा आहे : २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसांना पाळणाघराची सोय करायला सांगितली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद राहिली. छानच आहे. पण मूल पाळणाघरातून बालवाडीत गेलं, की ती मुभा संपते. आणि बाबाला तर ती कधी नव्हतीच. जिजूंना बंगळुरूला कुणीही विचारलं नाही की आज मुलीचा वाढदिवस आहे ना, मग तुम्ही इथे काय करताय?

शाळा म्हणते, पालकांना वेळ नसतो म्हणून आम्ही पंधरा मिनिटांत उरकतो. पालक म्हणतात, पंधरा मिनिटांसाठी हाफ डे कोण टाकणार? दोघंही खरं बोलतात, आणि मधल्या मधे लाडू मावशी वाटतात.

बाहेरच्या देशांत सगळं आलबेल आहे, असं अजिबात नाही. जपानी बालवाड्यांमध्ये आपल्या एचआरसारखीच पद्धत असते, महिन्यातल्या सगळ्या मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी. मात्र त्या दिवशी बाकीचा कार्यक्रम बाजूला ठेवून त्यांचाच मोठा समारंभ करतात. नेदरलँड्समध्ये मूल चार वर्षांचं झालं की शाळेत जाऊ शकतं, जूनची वाट न बघता. म्हणजे प्रत्येकाची शाळा वेगवेगळ्या दिवशी सुरू होते, वर्षभर एकेक नवं मूल वर्गात येत राहतं. तिथे वाढदिवसाचा खाऊ मूल स्वतः वाटतं, हा रिवाजच आहे. आपल्याकडे उलट. तुमच्या आजोबांचा वाढदिवस १ जूनला असतो ना? बहुतेकांच्या आजोबांचा असतो. जन्माची नोंद कुठे नसायची, मग मास्तर प्रवेशाच्या हिशेबाने १ जून लिहून टाकायचे. महाराष्ट्रात शाळेच्या सोयीसाठी वाढदिवस बदलायची परंपरा जुनी आहे!

त्याच महाराष्ट्रात सरकारी शाळांच्या पोषण आहारात 'स्नेहभोजन' नावाची एक सोय आहे. देशभर ती तिथीभोजन म्हणून ओळखली जाते. कुणाच्या घरी वाढदिवस, लग्न असलं की त्या निमित्ताने शाळेतल्या मुलांना काही गोडधोड द्यायचं. तिथे रिटर्न गिफ्टची भानगड नाही, पंगत सगळ्यांना सारखी. इंग्लिश मीडियमला हे सुचायला हरकत नाही.

रिक्षाचा हॉर्न

या लेखासाठी फिरताना मी पेठेतल्या एका जुन्या मराठी बालवाडीत सकाळभर बसले. बावीस मुलं, दोन ताई. (हो, हा फरक मोठा आहे. दोन माणसांचा पगार द्यायचा म्हणजे काय, ते ताईंनी मला सांगितलं, पण ते छापू नका म्हणाल्या.) इथे वाढदिवसाला पंधरा मिनिटं नाहीत आणि तासही नाही. ज्याचा वाढदिवस, तो दिवसभर ताईंच्या शेजारी बसतो. आजची गोष्ट कुठली, ते तो ठरवतो. डब्याची घंटा तो वाजवतो. खाऊ आणलाच तर साधा, आणि वाटायचा त्यानेच, सगळ्यांना, लागेल तेवढा वेळ. बाकीचं टाइमटेबल जसंच्या तसं. घंटा वाजते, गोष्ट होते, फक्त त्या दिवशी त्यांच्यावर कुणाचं तरी नाव असतं.

घरातलं एक माणूस सकाळी कधीही येऊ शकतं. दहाला या, साडेअकराला या, जमेल तेव्हा. येताना काही आणायचं नाही, काहीतरी करून दाखवायचं. एका मुलीच्या आजीने कणकेचे दिवे करायला शिकवले. एका मुलाचे बाबा रिक्षा चालवतात. त्यांनी रिक्षा आवारात आणली आणि बावीसच्या बावीस मुलांना एकेकदा हॉर्न वाजवू दिला. शेजारच्या बिल्डिंगमधून तक्रार आली, ती ताईंनी निस्तरली. एका आईला येणं जमलंच नाही, ती एका मॉलमध्ये सेल्स काउंटरवर असते. तिने आदल्या रात्री लेकाच्या जन्माची गोष्ट फोनवर रेकॉर्ड करून पाठवली, ताईंनी ती वर्गाला ऐकवली. मुलाने ती पुन्हा लावायला सांगितली. लावली.

येत्या प्रवेशाच्या रांगेत उभे राहाल, तेव्हा एसी आहे का, स्मार्ट बोर्ड आहे का, हे विचाराच. पण वर्गात मुलं किती आणि मोठी माणसं किती, हे आधी विचारा. एखादी गोष्ट मुलांनी लांबवली तर काय करता, हे विचारा. आणि खाऊ कोण वाटतं, हेही.

मी ताईंना शेवटी मे महिन्याबद्दल विचारलं. माझा स्वतःचा वाढदिवस ११ मे, शाळेत कधीच साजरा झाला नाही, त्यामुळे प्रश्न जिव्हाळ्याचा होता. ताई म्हणाल्या, सुटीतल्या मुलांना आम्ही विचारतो, तुला कुठला दिवस हवा? कुणी होळी मागतं, कुणी मैत्रिणीबरोबरचा दिवस. गेल्या वर्षी एकाने सांगितलं, मला पाऊस पडेल तो दिवस हवा. पहिला मोठा पाऊस.

शाळा सुरू झाली आणि तो रोज खिडकीशी जाऊन बघायचा. दोन दिवस नुसतीच भुरभुर झाली, ती त्याने नापास केली. मग एका गुरुवारी सकाळी साडेनऊला धो धो सुरू झाला. अक्षरं अर्धी झाली होती. ताईंनी खडू खाली ठेवला आणि त्याला घंटा दिली.